प्रतिमेखालचा लेख
क्रांतिकारक पुरुषांच्या छापील व्यक्तिचित्रांविषयी

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जो जनसमुदाय लोटतो, तो परतताना प्रामुख्याने दोन वस्तू घरी नेतो : पुस्तके आणि तसबिरी. पुस्तकांविषयी आपल्या नियतकालिकांतून चर्चा होते, त्यांची परीक्षणे छापली जातात, त्यांतील चुकांकडे लक्ष वेधले जाते. तसबिरींचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. रस्त्यावरच्या दुकानात, दोरीवर चिमट्याने लटकवलेले चित्र हा कलासमीक्षेचा विषय होऊ शकतो, असे आपल्या अभ्यासकांस वाटत नसावे. वस्तुतः पुस्तक घरात कधी उघडले जाते, कधी उघडले जात नाही. भिंतीवरील चित्र मात्र रोज दिसते. मूल अक्षर ओळखू लागते त्यापूर्वी ते चित्र ओळखते. ज्या वस्तूकडे लक्षावधी कुटुंबे रोज पाहतात, तिची चिकित्सा टाळणे हे अभ्यासकाला शोभणारे नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या छापील व्यक्तिचित्रांचा विचार करणार आहोत. राजकीय क्रांतिकारकांच्या चित्रांच्या प्रतिकृती हा विषय जगभर पसरलेला असल्याने दोन परदेशी उदाहरणेही घेणार आहोत. प्रतिकृती चांगली की वाईट हे कशावरून ठरवावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. चेहरा हुबेहूब साधला, रंग उत्तम उतरले, कागद उंची वापरला, एवढ्याने हे ठरते काय ? आमच्या मते ठरत नाही. ज्या पुरुषाचे चित्र आहे त्याचे कार्य आणि त्याचा विचार त्या प्रतिकृतीबरोबर घरात पोचतो की नाही, यावर ते ठरते. हा निकष आम्ही नव्याने शोधलेला नाही. तो बौद्ध परंपरेतच आहे.

परंपरेने दिलेला निकष

जातकट्ठकथेतील कालिंगबोधि जातकाच्या (क्रमांक ४७९) प्रास्ताविक कथेत एक महत्त्वाचा संवाद आला आहे. तथागत चारिकेसाठी बाहेर गेले असता श्रावस्तीचे लोक फुले घेऊन जेतवनात येत आणि दर्शन न घडल्याने ती गंधकुटीच्या दाराशी ठेवून जात. अनाथपिंडिकाने ही अडचण आनंद स्थविरांना सांगितली व आनंदांनी ती तथागतांपुढे मांडली. चेतिये किती, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले की चेतिये तीन : शारीरिक, म्हणजे धातू; पारिभोगिक, म्हणजे तथागतांच्या वापरातील वस्तू वा वृक्ष; आणि उद्दिस्सक, म्हणजे त्यांना उद्देशून केलेली वस्तू. यांपैकी तिसऱ्या प्रकाराविषयी तथागत म्हणतात की, त्याला स्वतःचा असा वस्तुरूप आधार नसतो. ते केवळ मनावर अवलंबून असते. म्हणून जेतवनाच्या दाराशी बोधिवृक्षाचे बीज लावण्यात आले.

अट्ठकथेतील हे विधान प्रतिमाविरोधी आहे असे काही अभ्यासक मानतात. आम्हांस ते अधिक सूक्ष्म वाटते. धातूला स्वतःचे अस्तित्व आहे, बोधिवृक्षाला आहे. प्रतिमेला जे काही मोल आहे ते पाहणाऱ्याच्या मनात काय जागे होते यावरून येते. मन रिकामे असेल तर प्रतिमा म्हणजे दगड, धातू किंवा कागद. व्यक्तिचित्र आणि त्याची छापील प्रत हे निःसंशय उद्दिस्सक प्रकारात मोडतात. म्हणूनच त्या चित्राने पाहणाऱ्याच्या मनाला काय पुरविले, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत टाळता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर दिव्यावदानातील रुद्रायणावदानात मिळते. रोरुक नगरीचा राजा रुद्रायण याने मगधाच्या बिंबिसाराला एक बहुमोल रत्नखचित चिलखत भेट पाठविले. त्याच्या तोडीचे काय पाठवावे, अशा विवंचनेत पडलेल्या बिंबिसाराला तथागतांनी पटावर प्रतिमा रेखाटून पाठविण्यास सांगितले. चित्रकार आले, पण रूप पाहण्यातच इतके गुंतले की त्यांना ते रेखाटता येईना. तेव्हा तथागतांनी पटावर आपली छाया पाडली आणि चित्रकारांनी तीत रंग भरले. छायाचित्र या आजच्या शब्दाची आठवण व्हावी असाच हा प्रसंग आहे. परंतु कथा येथे संपत नाही. प्रतिमेच्या खाली शरणगमन, शिक्षापदे आणि अनुलोम-प्रतिलोम क्रमाने प्रतीत्यसमुत्पाद लिहावा, वर दोन गाथा लिहाव्यात, असे तथागत सांगतात. पट रोरुकात पोचल्यावर रुद्रायण केवळ रूपावर मोहून थांबत नाही. तो खाली लिहिलेल्या बारा अंगांचे चिंतन करतो, आणि त्या चिंतनातून त्याला स्रोतापत्ती प्राप्त होते. प्रतिमेने त्याला थांबविले आणि लेखाने त्याला पुढे नेले, असे या कथेचे सार सांगता येईल.

एकाच साच्यातून असंख्य प्रती काढणे ही गोष्टही बौद्धांना नवी नाही. बुद्धगया आणि नालंदा येथे, तसेच आपल्या मुंबईजवळच्या कान्हेरी येथे मातीच्या लहान मुद्रा मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. त्यांपैकी कित्येकांवर बुद्धप्रतिमा व तिच्यासोबत अस्सजी स्थविरांनी सारिपुत्ताला ऐकविलेली, हेतूतून उत्पन्न होणाऱ्या धम्मांविषयीची सुप्रसिद्ध गाथा उमटविलेली आहे. या मुद्रा स्वस्त होत्या, मातीच्या होत्या आणि एकसारख्या होत्या. आजच्या भाषेत त्यांना सामान्य माणसासाठी काढलेल्या प्रतिकृतीच म्हणावे लागेल. पण ज्या साच्याने प्रतिमा उमटविली त्यानेच गाथाही उमटविली. या मुद्रा घडविणाऱ्यांनी लेखाला प्रतिमेइतकेच स्थान दिले होते. हा आमचा निकष.

मारा आणि चे

हा निकष केवळ धार्मिक प्रतिमांना लागू पडतो असे नाही. आधुनिक राजकीय क्रांत्यांनी निर्माण केलेल्या चित्रांनाही तो लावून पाहता येतो. त्यासाठी आपणांस प्रथम फ्रान्सकडे वळावे लागेल.

१३ जुलै १७९३ रोजी पॅरिसमध्ये झां-पॉल मारा या क्रांतिकारक पत्रकाराचा, तो स्नानाच्या टबात बसून काम करीत असताना, शार्लोत कोर्दे हिने खून केला. चित्रकार झाक-लुई दाविद हा त्याचा मित्र आणि राष्ट्रीय परिषदेचा सभासद होता. त्याने त्याच वर्षी काढलेले माराच्या मृत्यूचे चित्र नोव्हेंबरमध्ये परिषदेला अर्पण करण्यात आले. परिषदेच्या सभागृहात ते ल पेलतिये या दुसऱ्या हुतात्म्याच्या, दाविदनेच काढलेल्या चित्राबरोबर लावले गेले. त्याच्या प्रचारासाठी दाविदच्या कार्यशाळेत प्रतिकृती तयार करण्यात आल्या. मूळ चित्र आज ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे. प्रतिकृतींपैकी एक लूव्रमध्ये आहे.

या चित्रात दोन गोष्टी लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली अशी की माराला त्वचेचा असाध्य विकार होता. त्यापायीच तो तासन् तास टबात बसून लिहीत असे. दाविदने मात्र नितळ, संगमरवरासारखी कांती रंगविली. दुःख भोगणारा देह त्याने सुंदर देह करून टाकला. दुसरी गोष्ट अक्षरांची. मूळ चित्रात टबाशेजारच्या लाकडी पेटीवर चित्रकाराने माराला केलेले साधे अर्पण व क्रांतीचे दुसरे वर्ष एवढेच लिहिलेले आहे. लूव्रमधील प्रतिकृतीत त्या जागी, मला भ्रष्ट करणे त्यांना जमले नाही म्हणून त्यांनी मला ठार मारले, अशा आशयाचे वाक्य आले आहे. रूप तेच आहे, रंग तेच आहेत, पण लेख बदलताच चित्राचा स्वर बदलतो. मूळ चित्र शोक करते, प्रत आरोप करते. प्रतिकृती म्हणजे मूळ कृतीची केवळ फिकट छाया, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण तपासून पाहावे.

ल पेलतियेच्या चित्राची कथा याहून बोलकी आहे. क्रांती ओसरल्यावर त्याच्या राजनिष्ठ कन्येने ते चित्र दाविदच्या वारसांकडून विकत घेतले, आणि त्यानंतर ते कोणाच्या दृष्टीस पडले नाही. आज त्याची कल्पना येते ती एका शिष्याने केलेल्या रेखाटनावरून आणि एका फाटक्या मुद्राचित्रावरून. क्रांतिकारकाचे स्मरण ज्यांना नको असते ते मूळ कृती नाहीशी करू शकतात; त्यातूनही जे उरते ते प्रतीमुळे उरते. प्रतिकृतीला हलके लेखणारी अभिरुची ही मूळ कृतीचे मालक असणाऱ्यांची अभिरुची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरे उदाहरण क्युबाचे. ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे, 'ला कूब्र' या जहाजावरील स्फोटात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ झालेल्या सभेत छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा याने चे गेव्हारा यांचे छायाचित्र टिपले. मूळ चौकटीत एका बाजूस दुसरा मनुष्य आणि दुसऱ्या बाजूस ताडाची पाने होती; ती कापून केवळ चेहरा ठेवण्यात आला. १९६७ मध्ये इटलीतील प्रकाशक फेल्त्रिनेल्ली याने त्याची भित्तिचित्रे छापली. १९६८ मध्ये आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिक याने छायाचित्रातील करड्या छटा काढून टाकल्या आणि सपाट काळ्या-तांबड्या रंगांत तो चेहरा बांधला. त्यानंतर ते चित्र सदऱ्यांवर, पेल्यांवर, किल्लीच्या साखळ्यांवर पसरले. अखेर ते मद्याच्या जाहिरातीतही आले. तेव्हा २००० साली कोर्दाने कायदेशीर कारवाई केली आणि मिळालेली रक्कम क्युबातील वैद्यकीय सेवेला दिली. चे यांचे स्मरण व सामाजिक न्यायाचा विचार पसरविण्यासाठी चित्र वापरण्यास आपली हरकत नाही, मद्य विकण्यासाठी वापरण्यास आहे, अशी त्याची भूमिका होती.

मूळ छायाचित्रात शोक होता, सभा होती, मृत माणसे होती. एकेका छपाईबरोबर त्यांतील एकेक गोष्ट गळत गेली. शेवटी उरला तो कोणत्याही वस्तूवर चिकटविता येणारा देखणा चेहरा. पटाखालचा लेख पुसला गेला की त्या रिकाम्या जागी व्यापारी आपला लेख लिहितो. आपल्या समाजाने या उदाहरणापासून सावध व्हावयास हवे.

बाबासाहेबांची छापचित्रे

आता आपल्या घरातील भिंतीकडे वळू. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे सत्याग्रह परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले, त्या मंडपात छायाचित्र होते ते गांधीजींचे. पुढील तीन दशकांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या भिंतीवरील चित्र बदलले. हा बदल केवळ सजावटीचा नव्हता. ज्याला मंदिराच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्याने कोणाकडे मान वर करून पाहावे हे स्वतः ठरविले. भारताच्या संसदेला हे ठरविण्यास अधिक काळ लागला. मुंबईचे शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला पुतळा संसदेच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी उभा राहिला. मध्यवर्ती सभागृहात झेबा अमरोहवी यांनी रंगविलेले तैलचित्र लागले ते १२ एप्रिल १९९० रोजी. झोपडीतील भिंत सभागृहाच्या भिंतीपेक्षा कित्येक वर्षे आधी पुढे गेली होती, आणि तिला हे शक्य झाले ते स्वस्त छपाईमुळे.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, पुढे आम्ही जे दोष दाखविणार आहोत ते दोष दाखविणाऱ्याने प्रथम या चित्रांची किंमत मान्य केली पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. ज्या प्रतिमेच्या सन्मानासाठी माणसे रस्त्यावर येतात आणि प्राण गमावतात, तिच्याविषयी दिवाणखान्यातील नापसंतीच्या सुरात बोलण्याचा अधिकार कोणत्याही कलासमीक्षकाला नाही.

तरीही चिकित्सा केली पाहिजे. बाजारातील चित्रांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला, कोट-टायमधील अर्धचित्र. दुसरा, एका हातात संविधान आणि दुसऱ्या हाताचे बोट पुढे रोखलेली उभी आकृती. संसदेतील पुतळ्याची मुद्रा हीच आहे. तिसरा, ग्रंथांच्या सान्निध्यात वाचणारे वा लिहिणारे बाबासाहेब. चौथा, मागे तथागत आणि पुढे बाबासाहेब, किंवा दोघांची रूपे एकमेकांत विरघळलेली.

बहुतेक चित्रांचा उगम जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत आहे. गडद निळा कोट आणि तांबडा टाय हे रंग रंगविणाऱ्यांनी व छापणाऱ्यांनी दिलेले आहेत. निळ्या रंगाबद्दल आमची तक्रार नाही. तो आता चळवळीचा रंग आहे आणि चित्राने त्याला आणखी घट्ट केले आहे. तक्रार आहे ती कांतीविषयी. कित्येक छापचित्रांत बाबासाहेबांचा वर्ण गुलाबी गोरा करण्यात येतो, कपाळावरील रेषा पुसल्या जातात, डोळ्यांखालील थकवा नाहीसा होतो. गोरेपणा म्हणजे श्रेष्ठत्व ही कल्पना कोणत्या समाजव्यवस्थेची आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्या व्यवस्थेशी आयुष्यभर झुंजलेल्या पुरुषाच्या चेहऱ्यावर तिचाच रंग चढवावा, यासारखी विसंगती नाही. दाविदने माराची त्वचा नितळ केली त्याच वृत्तीची ही पुनरावृत्ती आहे.

देहाचा थकवा पुसण्यात आणखी एक हानी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर उभे असलेले बाबासाहेब मधुमेहाने आणि संधिवाताने जर्जर झालेले होते. अंगावर पांढरी वस्त्रे, हाती काठी. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दिवसाच्या छायाचित्रांतील थकलेला चेहरा पाहिल्यावर कळते की हा मनुष्य वेळ संपण्यापूर्वी आपले शेवटचे आणि सर्वांत मोठे काम पुरे करीत आहे. रंगीत छापचित्रांत मात्र दीक्षेच्या प्रसंगी सुद्धा तोच टवटवीत, मध्यमवयीन चेहरा चिकटवलेला असतो. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आपल्या ऐंशी वर्षांच्या देहाला बांधाबांध करून कसाबसा चालविलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात. वार्धक्य लपविण्याची गरज आपल्या परंपरेला कधी वाटली नाही. आपल्या छापखान्यांना ती का वाटावी?

प्रभामंडळाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याने देवदेवतांची रंगीत शिळाछापे घरोघर पोचविली. समोर पाहणारी आकृती, डोक्यामागे तेज, पायाशी फुले, हा साचा या प्रकारच्या चित्रांनी लोकांच्या डोळ्यांत रुजविला आणि बाबासाहेबांची कित्येक चित्रे त्याच साच्यात ओतली गेली. येथे कोणी म्हणेल की प्रभामंडळ गांधार आणि मथुरेच्या बुद्धप्रतिमांनाही आहे. हे खरे आहे. बोधीचा प्रकाश दाखविणे हा तेथे हेतू असू शकतो. परंतु ज्या घराच्या डोळ्यांना तेजोवलय म्हणजे देव एवढाच अर्थ परिचित आहे, त्या घरात ते कोणता अर्थ सांगेल याचा विचार चित्रकाराने करावयास नको काय ? बावीस प्रतिज्ञांपैकी चौथी प्रतिज्ञा ईश्वराच्या अवतारावर विश्वास न ठेवण्याची आहे आणि पाचवी बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारणारी. ज्याने अवतारकल्पना मोडली त्यालाच अवतार करून टाकणारे चित्र बौद्ध घरात लावण्याजोगे नाही, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. तथागत व बाबासाहेब यांची रूपे एकमेकांत मिसळणाऱ्या चित्रांनाही हाच आक्षेप लागू होतो. गुरू आणि अनुयायी यांच्यामधील अडीच हजार वर्षांचे अंतर बाबासाहेबांनी अभ्यासाने ओलांडले. चित्र ते अंतर चमत्काराने नाहीसे करते आणि मधला अभ्यास दिसेनासा होतो.

याच्या उलट, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची चित्रे आम्हांस मोलाची वाटतात, मग त्यांचा कागद कितीही हलका असो. रोखलेले बोट पाहणाऱ्याला चित्राबाहेर पाहावयास लावते. ही आकृती आपल्याकडे बघा असे म्हणत नाही, तिकडे चला असे म्हणते. ग्रंथात बुडालेली आकृती पाहणाऱ्या मुलाला थोर होण्याचा मार्ग सांगते, आणि तो मार्ग त्या मुलालाही चालता येण्यासारखा असतो. या दोन्ही चित्रांत क्रिया आहे. आकृतीच्या क्रियेमुळे लेखाचे अर्धे काम होते. पण अर्धेच. बोट कोठे जावयास सांगते, हातातील ग्रंथात काय लिहिले आहे, हे अक्षरांनीच सांगावे लागते.

भक्ती आणि आदर

येथे एक शंका उपस्थित होते. चित्रांचा एवढा विचार करण्यापेक्षा ती भिंतीवरून काढूनच का टाकू नयेत ? बाबासाहेबांनी स्वतः विभूतिपूजेचा निषेध केला नव्हता काय ?

या शंकेचे उत्तर त्यांच्याच विवेचनात आहे. न्या. रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याला केलेल्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेचे दोन अर्थ वेगळे केले. थोर पुरुषात जे उदात्त आहे त्याविषयीचा आदर हा एक. आणि त्याच्या आज्ञेपुढे स्वतःची बुद्धी गहाण टाकणे हा दुसरा. पहिला त्यांना मान्य होता, कारण त्यात विचारशक्ती शाबूत राहते. दुसरा त्यांनी धिक्कारला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी हाच इशारा अधिक कठोर शब्दांत दिला : धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग ठरू शकेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

तेव्हा प्रश्न चित्र असावे की नसावे हा नसून ते विचारशक्ती शाबूत ठेवते की नाही, हा आहे. संयुत्त निकायातील वक्कलि सुत्तात रुग्णशय्येवरील वक्कलि भिक्खू तथागतांच्या दर्शनाची आस धरून आहे. तथागत त्याच्या भेटीला स्वतः जातात, आणि मग त्याला सांगतात की या नाशवंत देहाच्या दर्शनाने काय साधणार; जो धम्म पाहतो तोच मला पाहतो. यातील पहिली गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. तथागतांनी वक्कलिची दर्शनाची ओढ हेटाळली नाही; ते आजाऱ्याच्या शय्येपाशी गेले. तेथे बसून त्यांनी ती ओढ धम्माकडे वळविली. आपल्या लोकांच्या मनातील बाबासाहेबांच्या दर्शनाची ओढ ही अशीच आहे. तिची थट्टा करणे क्रूरपणाचे होईल, आणि ती आहे तेथेच ठेवणे कर्तव्यच्युतीचे होईल.

काय करता येईल

गेल्या काही वर्षांत छपाईचे तंत्र झपाट्याने बदलले आहे. फ्लेक्सवर कोणतीही प्रतिमा तासाभरात वीस फुटी होते. दुसऱ्या टोकाला, कॅनव्हासवर उत्तम शाई वापरून काढलेल्या, मोजक्या प्रतींच्या महागड्या प्रतिकृती कलादालनांतून विकल्या जातात, आणि सुस्थितीतील बौद्ध कुटुंबे त्या आवर्जून घेतात. घरात चांगली कलाकृती असावी ही इच्छा योग्यच आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्या बाबतीत तर अधिकच. परंतु फ्लेक्स आणि कॅनव्हास यांत आमच्या निकषाने काहीच फरक पडत नाही. फ्लेक्सवर बाबासाहेबांच्या चेहऱ्याखाली असतात ती स्थानिक पुढाऱ्यांची नावे व छायाचित्रे. कॅनव्हासखाली असतो तो प्रतीचा क्रमांक आणि किंमत. दोन्ही ठिकाणी पटाखालची जागा दुसऱ्याच कोणी बळकावली आहे.

ती जागा परत मिळविणे आपल्या विहारांना, संस्थांना व प्रकाशकांना अशक्य नाही. चित्र कोणत्या छायाचित्रावरून वा तैलचित्रावरून घेतले, ते कोणी व केव्हा केले, याची नोंद चित्राखाली असावी. कलावंताचे श्रम अनामिक ठेवणे ही श्रमाची अवहेलनाच होय. प्रसंग ज्ञात असेल तर स्थळ आणि दिनांक छापावा. 'नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६' एवढी एक ओळ चित्राला देव्हाऱ्यातून काढून इतिहासात आणते. वर्ण आणि वय जसे होते तसे राहू द्यावे. दीक्षेच्या चित्राखाली त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा. संविधान हाती धरलेल्या चित्राखाली संविधानाची उद्देशिका. ग्रंथवाचनाच्या चित्राखाली त्यांच्या प्रमुख ग्रंथांची यादी छापता येईल. यासाठी कागदाची आणखी चार बोटे लागतील, खर्च नाममात्र वाढेल. विहारात चित्राला पुष्प अर्पण करण्यापूर्वी उपस्थितांपैकी एखाद्या मुलाने तो मजकूर मोठ्याने वाचावा, असा प्रघातही पाडता येईल. पुष्प, दीप यांनी होणारी ती आमिसपूजा आणि आचरणाने होणारी ती पटिपत्तिपूजा, असा भेद आपली परंपरा करते. पहिलीकडून दुसरीकडे जाण्याचा पूल अक्षरांचा असतो.

रोरुकाच्या राजाला चित्राखालच्या ओळी वाचता आल्या, हे त्या अवदानात गृहीतच धरले आहे. आपल्या आजी-आजोबांच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नव्हते. अक्षर शिकण्याची बंदी मोडून बाबासाहेब पुढे गेले आणि त्यांच्यामागून लक्षावधी घरांत अक्षर आले. त्या अक्षरासाठी त्यांच्याच चित्राखाली जागा न ठेवणे हा त्यांचा सन्मान नव्हे. यापुढे तसबीर विकत घेताना आपल्या वाचकांनी चेहऱ्यावरून दृष्टी थोडी खाली आणावी, तेथे काय लिहिले आहे ते पाहावे, आणि काहीच लिहिलेले नसेल तर विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.